कापो काक्को : अठराव्या वर्षी ठरलेली किंमत

५ जानेवारी २०१९ चा दिवस. कॅनडातील व्हँकुव्हर शहराच्या रॉजर्स अरीनामध्ये वीस वर्षांखालील खेळाडूंच्या जागतिक आइस हॉकी स्पर्धेचा अंतिम सामना सुरू होता. फिनलंड आणि अमेरिका यांचे प्रत्येकी दोन गोल झाले होते आणि खेळ संपायला एक मिनिट सव्वीस सेकंद उरले होते. त्या क्षणी गोलजाळ्याच्या अगदी जवळ असलेल्या सतरा वर्षांच्या एका फिनिश मुलाने चकती आत ढकलली. फिनलंड ३-२ ने जगज्जेता झाला. मुलाचे नाव कापो काक्को. जन्म १३ फेब्रुवारी २००१, गाव तुर्कू. फिनलंडच्या नैऋत्य किनाऱ्यावरचे हे जुने बंदर एकेकाळी त्या देशाचे मुख्य शहर होते.

आइस हॉकी हा बर्फाच्या बंदिस्त मैदानावर, पायांत धारदार पात्यांचे बूट घालून खेळायचा खेळ आहे. एका वेळी प्रत्येक संघाचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक मैदानात असतात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग होतात. वेग इतका की एक खेळाडू सलग पाऊण मिनिटाहून फार अधिक काळ टिकत नाही. तो धापा टाकत बाकावर येतो आणि त्याच्या जागी दुसरा उडी घेतो. जेमतेम पंचावन्न लाख लोकवस्तीच्या फिनलंडमध्ये या खेळाचे स्थान फार मोठे आहे.

कापो तुर्कूच्याच टीपीएस या १९२२ साली स्थापन झालेल्या संघातून पुढे आला. २०१८-१९ च्या हंगामात त्याने फिनलंडच्या सर्वोच्च साखळीत २२ गोल केले. त्या वयाच्या खेळाडूचा तोवरचा विक्रम २१ गोलांचा होता, अलेक्सांडर बारकोव्हचा. त्याच वर्षी मे महिन्यात स्लोव्हाकियात प्रौढांची जागतिक स्पर्धा झाली. फिनलंडचे बहुतेक नामांकित खेळाडू त्या संघात नव्हते. संघ बहुतांशी अपरिचित नावांचा होता. पहिल्याच सामन्यात कापोने कॅनडाविरुद्ध दोन गोल केले, पुढे यजमान स्लोव्हाकियाविरुद्ध तीन. २६ मे रोजी फिनलंडने अंतिम सामन्यात पुन्हा कॅनडाला ३-१ असे हरवले. आदल्या वर्षीचे अठरा वर्षांखालील जगज्जेतेपद, जानेवारीतले वीस वर्षांखालील आणि आता हे, अशी तिन्ही सुवर्णपदके वयाची एकोणीस वर्षे पूर्ण होण्याआधी मिळवणारा तो पहिलाच खेळाडू ठरला.

महिनाभराने, २१ जून रोजी, तो पुन्हा व्हँकुव्हरच्या त्याच रॉजर्स अरीनामध्ये बसला होता. या वेळी तिथे बर्फ नव्हता. उत्तर अमेरिकेच्या एनएचएल या व्यावसायिक साखळीतील संघ नवोदित खेळाडूंची निवड करीत होते. या निवडीची पद्धत व्यापारी माणसाला उलटी वाटेल. ज्याची पत मोठी त्याला पहिला माल, असे येथे नसते. मागल्या हंगामात जो संघ तळाला राहिला त्याचा हक्क आधी. संघांनी मुद्दाम हरू नये म्हणून त्यात सोडतीचाही भाग ठेवलेला आहे. त्या वर्षी न्यूयॉर्क रेंजर्सचा क्रमांक सहावा लागायचा, तो सोडतीच्या नशिबाने दुसरा झाला. पहिल्या क्रमांकावर न्यू जर्सीने जॅक ह्यूज याला घेतले. जानेवारीच्या अंतिम सामन्यात तो कापोसमोर अमेरिकेकडून खेळला होता. दुसऱ्या क्रमांकावर रेंजर्सने कापोला घेतले.

नवोदिताच्या वेतनाला तेथे कमाल मर्यादा असते. त्या वर्षीच्या मुलांना पहिल्या करारात मूळ वेतन वर्षाला ९,२५,००० डॉलरच्या पलीकडे मिळू शकत नव्हते. पण खरी किंमत कागदावर लिहिलेली नव्हती. दुसऱ्या क्रमांकाचा मुलगा म्हणजे पुढची दहा वर्षे संघ खांद्यावर वाहणारा नायक, असा हिशेब शहराने, वर्तमानपत्रांनी आणि प्रेक्षकांनी आपापल्या मनात मांडून ठेवला. त्या हिशेबावर कापोची सही कोणी घेतली नव्हती.

या मुलाची दुसरी एक वही मात्र त्याला रोज स्वतःच लिहावी लागते. कापोला पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे आणि सीलिअ‍ॅक हा विकारही आहे. व्यापारी घरांत पन्नाशीच्या आसपास जो मधुमेह डोकावतो तो हा नव्हे. पहिल्या प्रकारात शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. दोष खाण्याचा नसतो, आळसाचा नसतो, आणि चालण्याने वा पथ्याने तो बरा होत नाही. इन्सुलिन आयुष्यभर बाहेरूनच घ्यावे लागते. मुलांमध्ये या रोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे ते फिनलंडमध्येच. सीलिअ‍ॅकमध्ये गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेले की लहान आतड्याच्या अस्तराची हानी होते. हे दोन विकार एकाच माणसात आढळणे हा निव्वळ योगायोग नसतो. दोहोंमागची आनुवंशिक प्रवृत्ती बरीचशी सामाईक आहे.

राय म्हणजे फोडणीतली राई नव्हे. ते गव्हाच्या कुळातले, थंडी सोसणारे धान्य आहे आणि त्याची काळपट, आंबूस पाव-भाकरी हे फिनलंडचे राष्ट्रीय अन्न मानले जाते. स्वातंत्र्याच्या शंभराव्या वर्षी, २०१७ साली, लोकांनी मतदान करून तिला तो मान दिला. आपल्या देशाच्या रंगाची बंडी घालून तीन सुवर्णपदके जिंकणाऱ्या या मुलाला देशाची ही भाकरीच वर्ज्य आहे.

पदार्थ तोंडात घालण्यापूर्वी त्यात काय काय आहे हे विचारण्याची सवय जैन घरांना नवी नाही. परगावी गेल्यावर यजमानाला संकोच वाटेल इतकी विचारपूस करणे, शंका आली तर पान तसेच ठेवून उठणे, प्रवासात स्वतःचा डबा बाळगणे हे सारे परिचयाचे. तेथे व्रत आहे, इथे वैद्यकीय निकड आहे. हेतू अगदी निराळे. तरीही त्यासाठी लागणारी जागरूकता काय असते हे या वाचकांना फारसे समजावून सांगावे लागणार नाही.

अवघड भाग यापुढे आहे. धावणारे स्नायू रक्तातली साखर झपाट्याने ओढून घेतात. ती घसरण खेळ संपल्यावर कित्येक तासांनी, मध्यरात्री झोपेतही येऊ शकते. उलट सामन्याच्या ताणाने शरीरात जी रसायने सुटतात ती साखर वर चढवतात. म्हणजे सरावाच्या दिवशी बरोबर ठरलेली इन्सुलिनची मात्रा सामन्याच्या दिवशी चुकू शकते. साखर फार उतरली तर हात थरथरतात, विचार अडखळतो, आणि समोरून नव्वद किलोंचा बचावपटू पूर्ण वेगाने येत असताना अर्ध्या क्षणाचे अडखळणेही महाग पडते. एनएचएलच्या हंगामात असे ऐंशीहून अधिक सामने असतात. निम्मे परगावी, अनेकदा एका दिवसाआड, विमान बदलत, घड्याळाची वेळ बदलत.

याच विकारापायी एका मोठ्या खेळाडूची निवड एकदा हुकता हुकता राहिली होती. १९६९ साली कॅनडाच्या फ्लिन फ्लॉन गावचा बॉबी क्लार्क निवडीला आला. त्याचा खेळ उत्तम होता, पण त्याला मधुमेह आहे हे कळताच संघ मागे सरले. त्याच्या प्रशिक्षकाने त्याला अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये नेऊन तपासून घेतले. काळजी घेतल्यास तो खेळू शकेल असे तेथील डॉक्टरांनी सांगितले. तरी पहिली फेरी त्याच्याविनाच संपली. सतराव्या क्रमांकावर फिलाडेल्फियाने त्याला घेतले, आणि त्याच क्लार्कच्या नेतृत्वाखाली त्या संघाने १९७४ आणि १९७५ असा लागोपाठ दोनदा स्टॅन्ली चषक जिंकला. त्यानंतर बरोबर पन्नास वर्षांनी कापोचे नाव पुकारले गेले ते दुसऱ्याच क्रमांकावर.

न्यूयॉर्कमधले पहिले वर्ष मात्र कठीण गेले. ६६ सामन्यांत १० गोल आणि १३ साहाय्ये, एवढीच कमाई. या खेळात एक जमा-नावेही ठेवतात. दोन्ही संघांचे खेळाडू सारख्या संख्येने मैदानात असताना आपल्या संघाने गोल केला तर तिथे हजर असलेल्या प्रत्येकाच्या नावे एक अधिक, गोल खाल्ला तर एक वजा. कापोची शिल्लक वजा २६ निघाली. साखळीतल्या सर्वांत वाईट आकड्यांपैकी तो एक होता. एकट्या खेळाडूचा दोष त्यात किती, हा वादाचा प्रश्न आहे. त्याच्याबरोबर मैदानात कोण होते हे तो आकडा सांगत नाही. पण आकडे छापले जातात आणि खुलासे वाचले जात नाहीत.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे खेळ थांबला आणि कापो मायदेशी परतला. उन्हाळ्यात सामने पुन्हा सुरू होणार असे ठरले, तेव्हा मधुमेह असलेल्या मुलाने साथीच्या काळात खेळावे की नाही, हा प्रश्न उघडपणे चर्चिला गेला. अखेर परवानगी मिळाली. ऑगस्टमध्ये टोरोंटोत तो उतरला. संघ तीन सामन्यांतच बाहेर पडला. त्या पराभवानंतरच्या सोडतीत रेंजर्सला पहिला क्रमांक लागला आणि अलेक्सी लाफ्रेनिएर हा नवा मुलगा संघात आला. अपेक्षांचा मोठा वाटा आता त्याच्याकडे वळला.

पुढची वर्षे चढउताराची. २०२२ च्या बाद फेरीत लाफ्रेनिएर, फिलिप खितील आणि कापो अशी पोरसवदा त्रयी जमली. न्यूयॉर्ककरांनी तिला पोरांची फळी म्हणून डोक्यावर घेतले. संघ उपांत्य मालिकेपर्यंत पोचला आणि टँपाविरुद्धच्या सहाव्या, निर्णायक सामन्यात प्रशिक्षकांनी कापोला बाहेर बसवले. रेंजर्स तो सामना हरले. दुसऱ्या वर्षी तो पूर्ण ८२ सामने खेळला, एकही न चुकवता, आणि १८ गोल व २२ साहाय्यांसह ४० गुणांवर पोचला. त्या ४० गुणांहून ते ८२ सामने अधिक बोलके आहेत. वर सांगितलेली ती रोजची वही त्याने किती काटेकोर ठेवली असेल, हे त्यातूनच कळते.

डिसेंबर २०२४ मध्ये संघ हरू लागला आणि कापोला पुन्हा बाहेर बसवण्यात आले. एरवी मितभाषी असलेल्या या मुलाने या वेळी नाराजी लपवली नाही. संघ अडचणीत आला की तरुण खेळाडूला काढणे सर्वांत सोपे असते, अशा आशयाचे तो पत्रकारांशी बोलला. १८ डिसेंबरला रेंजर्सने त्याला सिअ‍ॅटल क्रॅकन या संघाकडे पाठवले. मोबदला : विल बोर्गन नावाचा एक बचावपटू आणि २०२५ च्या निवडीतले तिसऱ्या व सहाव्या फेरीचे दोन हक्क. साडेपाच वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी जवळजवळ कोणतीही किंमत कमी वाटली असती, त्याचा हा बाजारभाव.

सिअ‍ॅटलचा संघ २०२१ मध्येच साखळीत आला होता. तिथे परंपरेचे ओझे नव्हते, आणि कोणी कापोकडे नायकपण मागितले नाही. मैदानावर वेळ अधिक मिळाला, चकती कोपऱ्यातून हिसकावून आणण्याचे त्याचे मूळ कसब उपयोगी पडले. ४९ सामन्यांत १० गोल, २० साहाय्ये. दोन्ही संघांतले मिळून त्या हंगामात ४४ गुण झाले, त्याच्या कारकिर्दीतले तोवरचे सर्वाधिक. जुलै २०२५ मध्ये सिअ‍ॅटलने त्याच्याशी तीन वर्षांचा नवा करार केला, वर्षाला सरासरी ४५,२५,००० डॉलरचा. न्यूयॉर्कमध्ये त्याचा शेवटचा करार एका वर्षाचा आणि २४ लाख डॉलरचा होता.

जॅक ह्यूजशी तुलना अजूनही होते. ह्यूज केव्हाच फार पुढे गेला आहे. सिअ‍ॅटलशी केलेला करार २०२८ च्या उन्हाळ्यापर्यंत चालेल. तेव्हा कापो काक्को सत्तावीस वर्षांचा असेल.