कामण रोडच्या फलाटावर ‘कोसला’

वसई-दिवा मार्गावरील कामण रोड स्थानकात गाड्या मोजक्याच. वाट पाहण्याचा वेळ भरपूर. कामणच्या व्यापारी कुटुंबातील एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने त्याच वेळात भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) वाचली. वडिलांच्या पैशांवर पुण्यात शिकून, अखेर नापास होऊन गावी परतणारा पांडुरंग सांगवीकर त्याला आरंभी निव्वळ उधळ्या वाटला. हिशेबाच्या घरात वाढलेल्यास दुसरे काय वाटणार! धाकट्या मनीच्या मृत्यूपाशी मात्र त्याने पुस्तक मिटले आणि आलेली गाडी जाऊ दिली. पेढीवर केव्हा बसणार, या वडिलांच्या प्रश्नाला त्याने अद्याप उत्तर दिलेले नाही. कादंबरी तेवढी गल्ल्याशेजारी ठेवली आहे. वडिलांची ४० पाने वाचून झाली आहेत.