चार्ल्स ड्र्यू : एका न लढणाऱ्या जहाजाची गोष्ट



मुलांना नौदलाचं जहाज काढायला सांगून बघा. दहापैकी नऊ मुलं तोफा काढतील, क्षेपणास्त्रं काढतील, एखादं विमानही काढतील. पण त्या जहाजावरच्या शेकडो खलाशांना रोज जेवायला कोण घालतं? इंजिनाचा सुटा भाग बिघडला तर भर समुद्रात नवा कुठून येतो? हा प्रश्न पुस्तकात सहसा नसतो. म्हणून आज आपण एका मालवाहू जहाजाची माहिती घेऊ या. हे जहाज अमेरिकेच्या नौदलाचं आहे, पण ते आपल्या देशातही येऊन गेलंय. आणि त्याच्या नावामागे जी गोष्ट आहे, ती इतिहास आणि विज्ञान दोन्ही तासांना सांगण्यासारखी आहे.

जहाज कसं आहे?

जहाजाचं नाव आहे ‘चार्ल्स ड्र्यू’. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो इथे ते बांधलं गेलं. २७ फेब्रुवारी २०१० रोजी त्याचं जलावतरण झालं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ते नौदलाच्या ताब्यात आलं. अशा एकूण १४ जहाजांची ही मालिका आहे. मालिकेतल्या पहिल्या जहाजाच्या नावावरून तिला ‘लुईस अँड क्लार्क’ वर्ग म्हणतात.

लांबी सुमारे २१० मीटर. मुलांना हा आकडा नुसता सांगू नका. कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब असतं, तेव्हा अशी सोळा मैदानं एकापुढे एक मांडली की हे जहाज होतं! वेग सुमारे २० नॉट, म्हणजे ताशी साधारण ३७ किलोमीटर. पोटात धान्य, भाज्या, गोठवलेलं अन्न, सुटे भाग, टपाल आणि दारूगोळा. शिवाय थोडंफार इंधनही.

एक गंमत लक्षात घ्या. अमेरिकी युद्धनौकांच्या नावाआधी ‘यूएसएस’ असतं, याच्या नावाआधी मात्र ‘यूएसएनएस’ आहे. म्हणजे जहाज नौदलाच्या मालकीचं, पण चालवणारे खलाशी बहुतांश नागरी नोकरदार. लढणं हे त्यांचं काम नाही. लढणाऱ्यांना वेळेवर सामान पोचवणं, हे त्यांचं काम.

न थांबता सामान कसं देतात?

युद्धनौका सामानासाठी सारखी बंदरात जायला लागली तर कामाचे कितीतरी दिवस प्रवासातच जातील. म्हणून मालवाहू जहाजच तिच्याकडे जातं. दोन्ही जहाजं शेजारी शेजारी, साधारण पन्नास मीटरचं अंतर राखून, एकाच दिशेने, अगदी एकाच वेगाने चालत राहतात. मग एकावरून दुसऱ्यावर दोर फेकला जातो, त्याच्या मदतीने जाड तारदोर ओढला जातो, आणि त्या तारेवरून सामानाचे गठ्ठे सरकत पलीकडे जातात. कधी हेलिकॉप्टर जाळ्यात सामान उचलून नेतं.

वेगात किंवा दिशेत थोडी चूक झाली तरी टक्कर होऊ शकते. हा सापेक्ष वेगाचा उत्तम धडा आहे बरं का! मैदानावर दोन मुलांना शेजारी धावायला लावा आणि धावता धावता एकाने दुसऱ्याच्या हातात पाण्याची बाटली द्यायची. वेग सारखा असेल तर ते सहज जमतं, कारण एकमेकांच्या दृष्टीने दोघं जणू स्थिरच असतात. वेग वेगळा झाला की बाटली खाली!

सेवेतले दोन प्रसंग

नोव्हेंबर २०१३ मध्ये फिलिपिन्सवर हैयान नावाचं भयंकर चक्रीवादळ आदळलं. हजारो माणसं गेली, गावंच्या गावं उद्ध्वस्त झाली. अमेरिकी नौदलाच्या मदतकार्यात ‘चार्ल्स ड्र्यू’ही होतं. युद्धात जी सोय रसद पोचवायला लागते, तीच संकटात मदत पोचवायला उपयोगी पडते.

दुसरा प्रसंग आपल्याकडचा. ७ ऑगस्ट २०२२ रोजी हे जहाज चेन्नईजवळच्या कट्टुपल्ली इथल्या गोदीत दुरुस्तीसाठी आलं. अमेरिकी नौदलाचं जहाज भारतात दुरुस्तीला येण्याची ही पहिलीच वेळ होती. मार्च २०२३ मध्ये याच मालिकेतलं ‘मॅथ्यू पेरी’ तिथे आलं. त्याच वर्षी अशा दुरुस्तीसाठी मुंबईच्या माझगाव डॉकशीही करार झाला. मुंबईतल्या शाळांनी तर हा संदर्भ जरूर वापरावा.

पण हे ड्र्यू कोण?

डॉ. चार्ल्स ड्र्यू हे ना नौसेनापती होते, ना खलाशी. ते शल्यचिकित्सक होते. जन्म ३ जून १९०४, वॉशिंग्टन. ते कृष्णवर्णीय होते आणि त्या काळी अमेरिकेतल्या फार थोड्या वैद्यकीय महाविद्यालयांत कृष्णवर्णीयांना प्रवेश मिळे. त्यांनी कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली. पुढे १९४० मध्ये कोलंबिया विद्यापीठात त्यांनी प्रबंध सादर केला. विषय होता, साठवलेलं रक्त.

रक्त जास्त दिवस टिकत नसे, ही तेव्हाची मोठी अडचण. पण रक्तातल्या पेशी वेगळ्या केल्या की जो पिवळसर द्रव उरतो, तो प्लाझ्मा, तो जास्त टिकतो. १९४० मध्ये ब्रिटनवर बॉम्ब पडत होते. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रक्त गोळा करून त्यातला प्लाझ्मा ब्रिटनला पाठवण्याची मोहीम निघाली आणि तिची सूत्रं ड्र्यू यांच्याकडे आली. रक्त कसं घ्यायचं, दूषित होऊ नये म्हणून कसं तपासायचं, कसं भरायचं, कसं पाठवायचं, याची एकसारखी पद्धत त्यांनी बसवली. म्हणजे बघा, त्यांचंही काम साठवण्याचं आणि वेळेवर पोचवण्याचंच होतं. मालवाहू जहाजाला याहून योग्य नाव कुठलं?

आणि इथे गोष्ट बोचते

१९४१ मध्ये ड्र्यू न्यूयॉर्कच्या रेड क्रॉस रक्तपेढीचे संचालक झाले. अमेरिका युद्धासाठी रक्त जमवत होती. पण कृष्णवर्णीयांचं रक्त सैन्यासाठी चालणार नाही, असं ठरलं. ओरड झाल्यावर १९४२ च्या सुरुवातीला ते घ्यायचं ठरलं, पण वेगळं ठेवायचं! म्हणजे ज्यांनी पद्धत घालून दिली, त्यांचंच रक्त आधी नको होतं आणि नंतर वेगळ्या कप्प्यात. रक्ताला वर्ण नसतो, या भेदाला शास्त्रीय आधार नाही, हे ड्र्यू जाहीरपणे सांगत राहिले. रेड क्रॉसने ही विभागणी १९५० मध्ये थांबवली. त्याच वर्षी १ एप्रिलला मोटार अपघातात ड्र्यू गेले. आणि साठ वर्षांनी त्याच देशाच्या नौदलाने आपल्या जहाजाला त्यांचं नाव दिलं.

सांगताना एवढं सांभाळा

ड्र्यू यांच्याबद्दल तीन चुकीच्या गोष्टी सर्रास सांगितल्या जातात.

१. गोऱ्यांच्या दवाखान्याने रक्त नाकारलं म्हणून ते गेले, असं म्हणतात. हे खरं नाही. त्यांच्यावर उपचार झाले होते, जखमाच फार गंभीर होत्या. सोबतच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं.

२. त्यांनी निषेध म्हणून रक्तपेढी सोडली, असं म्हणतात. ते एप्रिल १९४१ मध्येच आपल्या हॉवर्ड विद्यापीठात परतले होते.

३. रक्तपेढीचा शोध त्यांनी लावला, हेही बरोबर नाही. शिकागोत १९३७ मध्येच रक्तपेढी सुरू झाली होती. ड्र्यू यांनी ते काम मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं.

पहिली गोष्ट वर्गात फार परिणाम करते, हे मलाही ठाऊक आहे. पण अन्याय खरोखर झालेला असताना त्याला खोट्याची जोड कशाला? मुलं उद्या शोधतील, एक गोष्ट खोटी निघेल, आणि मग खरीवरही विश्वास बसणार नाही.

वर्गासाठी प्रश्न

• दोन जहाजांचा वेग सारखा नसेल तर काय होईल?
• प्लाझ्मा म्हणजे काय? तो का उपयोगी पडला?
• आपल्या शाळेत ‘सामान वेळेवर पोचवणारे’ कोण कोण आहेत?
• जहाजाला नाव दिल्याने जुना अन्याय भरून निघतो का? तुमचं मत लिहा.

१४ जूनला जागतिक रक्तदाता दिन असतो. शाळा सुरू होण्याचेच ते दिवस. पालकांनो, जवळच्या रक्तदान शिबिरात मुलांना बघायला घेऊन जा. पिशवीवर काय लिहिलंय ते त्यांना वाचायला सांगा. रक्तगट असतो, तारीख असते. जात, धर्म, रंग नसतो. का नसतो, ते मग घरी बोला.