युरोपची वाट टप्प्याटप्प्याने

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असली, की उन्हाळ्यातील भेटीला युरोपची सहल जोडण्याचा बेत अनेक घरांत ठरतो. विमानांची आखणी बहुधा भाड्याकडे पाहून होते. सोबत साठी ओलांडलेले आई-वडील असतील, तर ती त्यांच्या प्रकृतीकडे पाहून करावी.

सॅन फ्रान्सिस्को आणि पॅरिस यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात ९ तासांचे अंतर असते. पूर्वेकडे जाताना शरीराला नेहमीपेक्षा लवकर झोपावे लागते आणि तेच त्याला जड जाते. साधारणतः एका तासाच्या फरकाशी जुळवून घेण्यास एक दिवस लागतो. म्हणून टप्पे पाडावेत: न्यूयॉर्कपर्यंत ३ तासांचा फरक, तेथून आइसलँडच्या रेक्याविकपर्यंत ४, पुढे पॅरिसपर्यंत २. प्रत्येक ठिकाणी किमान दोन रात्री मुक्काम असावा. विमानतळावरील खुर्चीत काढलेले आठ तास म्हणजे विश्रांती नव्हे. रेक्याविकला जूनमध्ये रात्रभर उजेड असतो, तेव्हा झोपताना डोळ्यांवर पट्टी बांधावी.

चार तासांहून अधिक काळ एकाच जागी बसल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. मधूनमधून उठून चालावे, पोटऱ्या हलवाव्यात, पाणी प्यावे. एका पायास सूज व वेदना किंवा अचानक धाप लागल्यास तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.

औषधे हातातील पिशवीतच ठेवावीत. विमानाच्या पोटातील सामानात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते. पूर्वेकडील प्रवासात दिवस आखूड होत असल्याने इन्सुलिनच्या वेळा व मात्रा निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. औषधांची व्यापारी नावे देशागणिक बदलतात. चिठ्ठीवर मूळ रासायनिक नावे असावीत.

शहरांचा क्रमही विचारपूर्वक ठरवावा. २००३ च्या ऑगस्टमधील उष्णतेच्या लाटेत एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५,००० बळी गेले. त्यांत वृद्धांची संख्या मोठी होती. तेथील अनेक जुन्या इमारतींत वातानुकूलन नसते. रोम, माद्रिद मे महिन्यात पाहावे. जुलै-ऑगस्टसाठी उत्तरेकडील देश निवडावेत.

भारतीय पारपत्रावर शेंगेन व्हिसा घेताना किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. त्यात मधुमेह, हृदयविकार यांसारखे जुने आजार समाविष्ट आहेत का, हे तिकीट काढण्यापूर्वीच वाचावे. आणि ११२ हा युरोपातील आपत्कालीन क्रमांक आई-वडिलांच्याही फोनमध्ये नोंदवून द्यावा.