पत्रा नव्हे, वायसर

कर्जतहून खोपोली लोकल सुटली की पहिलं स्टेशन पळसदरी. पुढे केळवली, डोळवली, लौजी आणि मग खोपोली. या खोपोलीच्या परिसरात पत्र्याचे दोन मोठे कारखाने आहेत. एक डोणवतचा, उत्तम गाल्वा या नावाने लोकांना माहीत असलेला. दुसरा 2018 मध्ये भूषण स्टीलकडून टाटांकडे आलेला. कागदासारखी गुंडाळलेली पोलादाची पट्टी साडेचारशे अंश तापलेल्या वितळत्या जस्तातून अखंड धावते आणि दोन्ही अंगांनी पांढरी होऊन बाहेर पडते. जस्ताचा तो थर केसाहूनही पातळ असतो. पत्र्यावर ओरखडा गेला तरी आधी जस्त गंजतं आणि लोखंडाला वाचवतं. इतका निगुतीने केलेला माल चार स्टेशनं अलीकडे पळसदरीत घरावर चढतो, आणि एखाद्या जूनच्या रात्री शेजाऱ्याच्या वावरात जाऊन पडतो.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि रायगड जिल्हा ओलांडून आत घुसलं. त्यानंतर आठवडाभर जो तो पत्र्याच्या शोधात होता. ‘पत्राच हलका लागला’ हे तेव्हा सगळीकडे ऐकू यायचं. मला ते पटत नाही. तेव्हा जमिनीवर पडलेले पत्रे पाहिले तर बरेचसे धड होते. फाटली होती ती फक्त स्क्रूची भोकं.

वारा छपराला दाबतो, असा आपला समज. खरं म्हणजे तो छप्पर वर ओढतो. आढ्यावरून आणि पाख्याच्या कडेवरून उसळताना वारा वेग घेतो, त्याच्या खाली दाब कमी होतो आणि पत्रा वर खेचला जातो. त्यात वाऱ्याकडचं दार उघडं असेल तर घरात शिरलेली हवा आतूनही ढकलते. वादळात दारं लावून बसा, हे म्हाताऱ्यांचं सांगणं नुसतं भीतीपोटी नाही.

आकडे मांडू. भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर दिला आहे, पुण्यासाठी 39. पळसदरी या दोन्हींच्या मधे. आपण कमीचा, 39 चा धरू. त्या वाऱ्याचा जोर चौरस मीटरला सुमारे 93 किलो भरतो. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद पत्र्यावर तो तीनशे किलोपर्यंत जातो, आणि अर्धा मिलिमीटर जाडीच्या त्या पत्र्याचं स्वतःचं वजन असतं पंधरा किलोच्या आसपास. मंगलोरी कौलांचं छप्पर चौरस मीटरला चाळीस किलोच्या घरात, म्हणून ते निदान स्वतःच्या वजनाने थोडंफार तग धरतं. शिवाय डोंगराच्या उतारावर, माथ्यावर वारा आणखी वेग घेतो. मानकात त्यासाठी 1.36 पर्यंतचा गुणक आहे. वेग इतका वाढला की जोर जवळजवळ दुप्पट होतो, कारण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. पळसदरीच्या मागेच बोरघाट उभा आहे, आणि समुद्रावरून येणारा पावसाळी वारा याच भिंतीला येऊन धडकतो. पावसाचं म्हणाल तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर.

याच मानकातली एक गोष्ट प्रत्येक फॅब्रिकेटरच्या दुकानात टांगून ठेवायला हवी. बुटक्या घराच्या वाऱ्याकडच्या पाख्यावरची ओढ दहा अंशांच्या उतारावर सर्वात जास्त असते, वीस अंशांवर ती तिसऱ्या हिश्शावर येते आणि तीस अंशांवर जवळपास नाहीशी होते. जुन्या कौलारू घरांचा उतार पाणी पटकन वाहावं म्हणून उभा ठेवलेला असे, आणि त्यातच वाऱ्याचाही बंदोबस्त होऊन जाई. आता पत्रा वाचावा, पाइप वाचावा म्हणून उतार पाडला जातो, आणि आपण नेमके त्या दहा अंशांवर जाऊन बसतो.

आता वर चढू. कैच्यांवर आडवे पाइप टाकलेले असतात, त्यावर पत्रा. पत्रे लावायला सुरुवात वारा ज्या बाजूने येतो तिच्या विरुद्ध टोकाकडून करायची, म्हणजे एकावर एक चढलेली कड वाऱ्याला पाठ करून राहते. पूर्वी जे-हूक असत, खाली डांबरी वायसर. आता ड्रिलने थेट पाइपात शिरणारा षटकोनी डोक्याचा स्क्रू आणि त्याखाली काळ्या रबराचा वायसर. स्क्रू पन्हळीच्या माथ्यावर मारायचा, खोबणीत नाही, कारण पाणी खोबणीतून वाहतं. हात बसलेला कारागीर रबर कडेने जरासं फुगलं की ड्रिल सोडतो. घाईतला माणूस आणखी आवळतो. माथा चेपतो, रबर चिरडतं, आणि उन्हात दोन-तीन वर्षांत तडकतं. मग पहिल्या पावसात टपटप सुरू होते. पण टपटप ही छोटी गोष्ट. सैल स्क्रूभोवती पत्रा प्रत्येक झोतासरशी वरखाली होतो आणि त्याच्या भोकाच्या कडेला बारीक भेगा पडत जातात.

हे दुखणं जगाला कळलं ते ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात. 25 डिसेंबर 1974 च्या पहाटे ट्रेसी चक्रीवादळाने तिथली बहुतेक घरं मोडली. तपासात दिसलं की पत्रे एका झटक्यात फाटले नव्हते. तासन्‌तास हेलकावे खाऊन स्क्रूपाशी थकून तुटले होते. त्यानंतर तिथे पत्रा हजारो वेळा ओढून-सोडून तपासायची पद्धत आली, आणि स्क्रूखाली मोठ्या पसरट चकत्या आल्या. आपल्याकडे मात्र चौकशी होते ती पत्र्याच्या गेजची आणि रंगाची. स्क्रू किती आणि कुठे, हा प्रश्न कोणी विचारत नाही. ओढ सगळ्या छपरावर सारखी नसते. कडा, कोपरे आणि आढं इथे ती मधल्या भागापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून मधे एक माथा सोडून स्क्रू चालतो, पण कडेच्या ओळींना प्रत्येक माथ्यावर हवा. पडवीचं छप्परही मुख्य छपरापासून वेगळं ठेवावं. पडवी तिन्ही बाजूंनी उघडी, ती आधी जाणार. जाताना घराचं छप्पर सोबत घेऊन जायला नको.

आणि स्क्रू घट्ट असूनही भागत नाही. पाइप भिंतीच्या वरच्या दोन विटांत सिमेंट लावून बसवलेला असेल, तर अख्खा सांगाडा पत्र्यांसकट उठतो. पाइप खालच्या काँक्रीटच्या पट्ट्यात किंवा खांबात बोल्टने धरलेला हवा. पत्र्यावर दगड, जुने टायर, वाळूची पोती ठेवायची चाल आहे. पंधरा-वीस किलोच्या दगडाने तीनशे किलोची ओढ थोपत नाही, आणि उडालेला दगड पत्र्याहून वाईट.

नव्या छपरावरून उतरलेला जुना पत्रा वाया जात नाही, ही चांगली गोष्ट. तो गोठ्यावर जातो, लाकडाच्या खोपीवर जातो, आणि त्यातला बराचसा वर डोंगरातल्या ठाकर-कातकरी वाड्यांवर, कारवीच्या कुडाच्या घरांवर चढतो. जुनी भोकं एम-सीलने बुजवलेली असतात, नवी त्यांच्याच शेजारी पाडलेली, खाली वासा लाकडाचा. म्हणजे सर्वात थकलेला पत्रा सर्वात जास्त वाऱ्याच्या जागी पोचतो. घरकुलाच्या अनुदानात कडेचे स्क्रू, मोठ्या चकत्या आणि वासा धरून ठेवणारी लोखंडी पट्टी हेही वेगळं लिहून धरायला हवं. सगळ्या खर्चात हा तुकडा सर्वात लहान आहे, आणि काटछाट करताना पहिली कात्री त्यालाच लागते.