आईचा आजार मुलीच्या लग्नाच्या आड का यावा?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत राबणाऱ्या आपल्या कुटुंबांतून ‘कॅन्सर’ हा शब्द आजही दबक्या आवाजात उच्चारला जातो. आईला हा रोग झाला की घरचे तो लपवितात. कारण एकच, मुलीचे लग्न! ‘आईला झाला म्हणजे पोरीलाही होणार’ असे म्हणून सोयरिकी मोडतात. लपविण्यात महिने जातात आणि माऊली दवाखान्यात पोहोचते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. या समजुतीत तथ्य किती, हे विज्ञानाच्या आधारे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आपल्या पेशींत गुणसूत्रे असतात. चादरीच्या टोकांना गाठी मारल्या नाहीत तर दोरे सुटतात. गुणसूत्रांच्या टोकांनाही असेच संरक्षण असते. पेशीची वाढ होताना ही टोके थोडी थोडी झिजतात. फार झिजली की पेशी वाढायची थांबते. ही टोके पुन्हा भरून काढणारे टेलोमरेज नावाचे द्रव्य शरीरात आहे. त्याच्या शोधासाठी २००९ चे नोबेल पारितोषिक दिले गेले. मात्र ते तयार करणारे ‘टर्ट’ हे जनुक मोठ्या माणसाच्या बहुतेक पेशींत बंद असते.

मागाला जसा स्टार्टर, तसा जनुकाला प्रमोटर. या प्रमोटरमध्ये ठरावीक दोन जागांपैकी एका जागी एक अक्षर बदलले, तरी बंद जनुक चालू होऊ शकते. मग पेशीला थांबणे ठाऊक राहत नाही. एवढ्या एकाच बिघाडाने कॅन्सर होतो असे नाही, पण त्याला बळ मिळते. २०१३ साली हा बदल प्रथम त्वचेच्या मेलानोमा या कॅन्सरमध्ये सापडला. पुढे मेंदू, मूत्राशय व यकृताच्या गाठींतही तो पुष्कळ दिसला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये मात्र क्वचितच. भारतीय रुग्णांवरील २०१६ च्या एका अभ्यासात गर्भाशयमुखाच्या पाच गाठींमागे सुमारे एकीत, तर तोंडाच्या तीन गाठींमागे सुमारे एकीत तो आढळला.

आता मूळ प्रश्न. हा बदल जवळजवळ नेहमी माणसाच्या हयातीत, त्या गाठीच्याच पेशींत होतो. तो आईकडून मुलीकडे येत नाही. वारशाने येणारे कॅन्सर आहेत, पण ते शंभरात पाच ते दहाच. जवळच्या नात्यात अनेकांना, तेही कमी वयात, स्तनाचा वा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांना जरूर सांगावे. बाकी बहुतेक ठिकाणी वाढते वय, तंबाखू, विषाणू ही कारणे असतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे तर एचपीव्ही हा विषाणू असतो.

आणि त्यावर उपाय आहे! आपल्याच जिल्ह्यातील बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने मुंबईच्या टाटा रुग्णालयासोबत शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटाची एचपीव्ही तपासणी एकदाच झाली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले. या स्त्रिया खेड्यापाड्यांतल्या, तुमच्या-आमच्यासारख्याच होत्या.

म्हणून भगिनींनो, तिशी ओलांडली की लाज न बाळगता सरकारी दवाखान्यात गर्भाशयमुखाची, स्तनाची व तोंडाची तपासणी करून घ्या. अंगावरून अवेळी रक्त जात असेल, तोंडातले चट्टे वा जखम दोन-तीन आठवड्यांत बरी होत नसेल, तर थांबू नका. उपचारासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. रेशनकार्ड घेऊन चौकशी करा.

आणि सोयरीक जुळविणाऱ्या वडीलधाऱ्यांना आमची विनंती: मुलीच्या आईचा आजार विचारण्याआधी नवऱ्या मुलाच्या खिशात माव्याची पुडी आहे का, ते पाहा. खरा धोका तिथे आहे.