मुहूर्तापुरते औषध?

लग्न चार महिन्यांवर आले की नवरीला ब्लाउजचे माप आधी आठवते. मग एखादी मैत्रीण कानात सांगते, ‘अगं, आठवड्याला एक इंजेक्शन घे, वजन आपोआप उतरेल!’

मैत्रिणीचे सांगणे अगदीच खोटे नाही. सेमाग्लुटाइडचे हे वजनासाठीचे इंजेक्शन २०२५ साली भारतात आले. जेवल्यावर आतड्यांतून पोट भरल्याचा जो निरोप मेंदूला जातो, त्याचीच हे औषध नक्कल करते. भूक मंदावते, घास कमी जातो. मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्के उतरले, म्हणजे ८० किलोच्या बाईचे १२ किलो. पण ६८ आठवडे म्हणजे सव्वा वर्ष, चार महिने नव्हेत! शिवाय औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातले दोन तृतीयांश वजन परत आले. लग्नात नेमका बसलेला ब्लाउज मग उसवायलाच काढायचा.

लठ्ठपणा हा दीर्घकाळचा आजार आहे आणि हे औषध त्या आजारासाठी आहे. मळमळ, उलट्या होतात, क्वचित पित्ताशयात खडेही. त्यामुळे मैत्रिणीच्या चिठ्ठीवर ते घेऊ नये. १९९७ साली अमेरिकेत फेनफ्लुरामिन ही वजनाची गोळी बाजारातून काढून घ्यावी लागली, कारण ती घेणाऱ्यांच्या हृदयाच्या झडपा बिघडलेल्या आढळल्या. तीही हौसेने घेतली जात होती.

आणि नव्या नवरीने डॉक्टरांना एक गोष्ट न लाजता सांगावी. बाळाचा विचार असेल, तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावे लागते.