गिटारचा गंधार, संगणकाचा तंबोरा

सतारीचे पडदे सरकवता येतात, गिटारचे येत नाहीत. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून ते कारखान्यातच पक्के ठोकलेले असतात. त्यामुळे गिटार तंबोऱ्याबरोबर वाजवली की काही स्वर छान मिसळतात, पण शुद्ध गंधार मात्र किंचित चढा लागतो, अशी गाणाऱ्यांची तक्रार असते. ही तक्रार खरी, की नुसता सवयीचा भाग? कानांच्या भांडणात न पडता हे मोजता येईल का? येते, आणि त्यासाठी घरातला साधा संगणक पुरतो. अट एकच. गिटारचा आवाज आणि संगणकातच वाजणारा तंबोऱ्याचा आवाज हे दोन्ही एकाच वेळी, पण वेगवेगळ्या ट्रॅकवर मुद्रित व्हायला हवेत.

प्रश्न जुनाच आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातले स्वर ताणलेल्या तारेशी ताडून पाहिले आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. ई. क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशानेही या कामात रस घेतला, आणि त्यातूनच श्रुती-हार्मोनियमचा प्रयोग झाला. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत सोनोमीटर असतो, त्याच जातीचे हे काम. पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. तिच्यामागच्या वादातही पक्क्या, समान अंतराच्या स्वरांचा मुद्दा होताच. म्हणजे ही केवळ हौशी लोकांची चर्चा नव्हे.

आम्ही काही शिक्षकांनी हा प्रयोग सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका घरात मांडला. जिथे नावाप्रमाणे सात रस्ते येऊन मिळतात, तिथे शांत खोली कुठून मिळणार? साधा मायक्रोफोन हवेतला दाब मोजतो. त्याला गिटार आणि रिक्षाचा भोंगा यांत फरक करता येत नाही. इलेक्ट्रिक गिटारचे मात्र तसे नसते. तिच्या तारांखाली ‘पिकअप’ असतो, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या अतिबारीक तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार या चुंबकाच्या क्षेत्रात थरथरली की वेढ्यांतून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि त्यांत विद्युतदाब निर्माण होतो. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेले प्रवर्तन ते हेच. पिकअपला जवळजवळ फक्त पोलाद हललेले कळते, भोंगा कळत नाही. दहावीच्या वर्गात प्रवर्तन शिकवताना डायनॅमोबरोबर हे उदाहरणही द्यायला हरकत नाही.

पण जे मायक्रोफोनला ऐकू येत नाही ते पिकअपला ‘ऐकू’ येते. वेढे म्हणजे एक प्रकारची अँटेनाच. घरातल्या विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ; तिचे चुंबकीय क्षेत्र पिकअपमध्ये शिरते आणि मंद घुमणे सुरू होते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखा बंद ठेवणे कठीण. त्याचा रेग्युलेटर इलेक्ट्रॉनिक असेल तर तो विजेच्या प्रत्येक अर्ध्या आवर्तनाचा तुकडा कापतो, म्हणून १०० हर्ट्झची आणि तिच्या पटींची करकर ऐकू येते. यावर स्वस्त उपाय म्हणजे मुद्रण करताना पंखा पूर्ण वेगावर ठेवावा किंवा दहा मिनिटे घाम गाळावा, आणि गिटार घेऊन जागेवरच थोडे फिरून पाहावे. एका विशिष्ट दिशेला तोंड केले की घुमणे एकदम कमी होते, कारण त्या वेळी वेढ्यांतून जाणारे क्षेत्र सर्वांत कमी असते. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने १९५० च्या दशकात यावर सुरेख युक्ती काढली. दोन वेटोळी शेजारी ठेवायची, पण त्यांचे वेढे आणि चुंबक एकमेकांच्या उलट. तारेचा संदेश दोन्हींत एकाच दिशेने येतो आणि बेरीज होते. बाहेरची घरघर उलट दिशांनी येते आणि वजाबाकी होते.

लॅपटॉप चार्जरवर असताना घरघर वाढत असेल तर तो बॅटरीवर चालवून पाहावा. मात्र अर्थिंगची पिन काढून घरघर घालवण्याचा ‘उपाय’ कोणी सुचवला तर तो कदापि करू नये. गिटारच्या धातूच्या तारा बहुधा त्याच अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि आपली बोटे त्या तारांवर असतात. वर्गात प्रयोग करायचा असेल तर आधी सॉकेटला अर्थिंग आहे का, हे तारतंत्र्याकडून तपासून घ्यावे.

आता गिटारची वायर संगणकाच्या मायक्रोफोनच्या भोकात घालावी का? बहुतेक जण घालतात, आवाज येतोही, पण बोथट येतो. कारण साधे आहे. पिकअपचा स्वतःचा रोध ८,००० ओहम आणि मायक्रोफोनच्या जोडणीचा २,००० ओहम धरला, तर विद्युतदाबाची वाटणी होऊन संगणकाच्या वाट्याला पाचवा हिस्सा येतो. त्यात पिकअप हे वेटोळे असल्यामुळे वारंवारिता वाढेल तसा त्याचा अडथळाही वाढतो, आणि वरचे सूर जास्त गळतात. आपल्याला तर नेमके वरचेच सूर हवे आहेत. म्हणून यूएसबीवर चालणारा छोटा ऑडिओ इंटरफेस घ्यावा आणि त्यावर वाद्यासाठी अशी खूण असलेली जोडणी वापरावी. तिचा रोध साधारण १० लाख ओहम असतो, त्यामुळे जवळजवळ सगळा दाब पुढे पोचतो.

इंटरफेसमध्ये त्या दाबाचे आकडे होतात. सीडीसाठी ठरलेल्या पद्धतीनुसार सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप घेतले जाते आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवले जाते. ४४,१०० च का? माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते आणि एखादी वारंवारिता ओळखायची तर तिच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावे लागते. कमी वेळा मोजले तर सिनेमात गाडीचे चाक उलटे फिरताना दिसते तशी फसगत होते. ३०,००० हर्ट्झचा सूर आधी गाळला नाही, तर तो १४,१०० हर्ट्झचा होऊन प्रकट होईल. दोन वाहिन्यांचे असे मुद्रण मिनिटाला सुमारे १ कोटी ६ लाख बाइट जागा खाते. नव्वदच्या दशकातल्या एका फ्लॉपीवर ते जेमतेम आठ सेकंद मावले असते! पातळी मात्र जपून ठेवावी. सगळ्यात जोरात छेडले तरी काटा शून्याच्या ६ ते १२ डेसिबेल खाली राहील असे पाहावे. वरची पायरी संपली की लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि मुळात नसलेले सूर निर्माण होतात.

संगणकाच्या आतला आवाज मुद्रित करायला वायर लागत नाही. तो आधीच आकड्यांच्या रूपात आहे. स्पीकरकडे जाणाऱ्या आकड्यांची प्रत घेतली की झाले. विंडोजवर ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘वासापी’ निवडून ‘लूपबॅक’ नावाचे उपकरण घ्यावे. लिनक्सवर त्यालाच ‘मॉनिटर’ म्हणतात. मॅकवर बहुधा ब्लॅकहोलसारखी आभासी जोडणी बसवावी लागते. अडचण अशी की ऑडॅसिटी एका वेळी एकाच उपकरणावरून मुद्रण करते. दोन्ही एकदम हवे असतील तर ओबीएस स्टुडिओ हे दुसरे मोफत सॉफ्टवेअर वापरावे. त्यात संगणकाचा आवाज पहिल्या ट्रॅकवर आणि गिटार दुसऱ्यावर, अशी वाटणी करता येते. किंवा आधी तंबोरा मुद्रित करून, तो हेडफोनवर ऐकत गिटार दुसऱ्या ट्रॅकवर घ्यावी. आमच्या मते शाळेसाठी ही दुसरी रीत सोपी.

हेडफोन हवाच. आणि आपलीच गिटार संगणकातून फिरवून ऐकण्याची सोय बंद ठेवावी, नाहीतर ती संगणकाच्या आवाजात मिसळून दुसऱ्यांदा मुद्रित होते. शिवाय ती उशिरा ऐकू येते. संगणक मोजमापे एकेक करून नव्हे, तर गठ्ठ्याने हाताळतो. सेकंदाला ४८,००० मोजमापे आणि १,०२४ चा गठ्ठा धरला तर २१ मिलिसेकंद आत येताना आणि तितकेच बाहेर जाताना लागतात. स्वतःची गिटार पंधरा मीटरवरून ऐकल्यासारखे हे होते, आणि लय हमखास ढळते. इंटरफेसवर थेट ऐकण्याचे बटण असेल तर तेच वापरावे.

एवढी तयारी झाली की मुख्य प्रयोग. ऑडॅसिटीत ११० हर्ट्झचा सूर तयार करावा, पण साधा ज्यालहरीचा नव्हे, करवतदाती आकाराचा. साध्या लहरीत वरचे स्वर नसतात, करवतदातीत सगळे असतात. गिटारची पाचवी तार मोकळी छेडून त्या सुराशी जुळवावी. विस्पंद, म्हणजे आवाजाचे कमी-जास्त होणे, पूर्ण थांबेपर्यंत खुंटी फिरवावी. हा आपला षड्ज. आता चौथ्या पडद्यावर बोट ठेवून गंधार वाजवावा आणि दोन्ही ट्रॅक एकत्र ऐकावेत.

तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो मूळ वारंवारितेच्या पाचपट असतो, म्हणजे ५५० हर्ट्झ. त्याच्याशी जुळायचे तर गिटारचा गंधार १३७.५ हर्ट्झचा हवा, कारण त्याची चौपट ५५० होते. गिटारवर मात्र चौथा पडदा १३८.५९ हर्ट्झ देतो आणि त्याची चौपट ५५४.३७ भरते. फरक ४.३७. सेकंदाला चारहून थोडे अधिक विस्पंद ऐकू येतात आणि मुलेसुद्धा ते सहज मोजतात. आता सातव्या पडद्यावरचा पंचम घ्या. तो १६४.८१ हर्ट्झ, हवा १६५. त्याची दुप्पट आणि षड्जाची तिप्पट, म्हणजे ३३०, यांत अंतर फक्त ०.३७. जवळपास पावणेतीन सेकंदांत एक विस्पंद, म्हणजे कान तक्रार करायच्या आत तारेचा आवाजच बराच विरतो. गंधारावर रागावणारे गवई पंचमावर का रागावत नाहीत, ते यावरून कळते.

आलेखावर खात्री करायची असेल तर ऑडॅसिटीतील वर्णपटाची खिडकी ६५,५३६ मोजमापांची ठेवावी. २,०४८ ची खिडकी सुमारे साडेएकवीस हर्ट्झच्या पायऱ्या दाखवते. तिच्यात ५५० आणि ५५४ एकच दिसतील. मोठ्या खिडकीची पायरी ०.६७ हर्ट्झची, पण तिला दीड सेकंदाचा सलग आवाज लागतो. सूक्ष्म फरक पाहायचा तर जास्त वेळ ऐकावे लागते, यातून संगणकाचीही सुटका नाही. मग चौथ्या पडद्यावरचे बोट तसेच ठेवून, विस्पंद थांबेपर्यंत खुंटी हळूहळू सैल करावी आणि नंतर तीच तार मोकळी वाजवून पाहावी. गंधार जुळला, पण षड्ज उतरला, १०९.१ हर्ट्झच्या आसपास.